स्त्रियांनी बाँबफेकी विमाने चालवावी काय?

थोड्या दिवसांमागे एका खेड्यातील मंडळीत आमचा मुक्काम होता. सायंकाळची उपासना आटोपल्यावर माणसे रिवाजाप्रमाणे ओट्यावर बसली, आणि बोलणे पावसापाण्यावरून निघून मुलांच्या शिक्षणावर, व तेथून एका मुलीवर येऊन ठेपले. ही मुलगी तालुक्याच्या गावी शिकते. तिने आपल्या बापास सांगितले होते की, मला वायुसेनेत जावयाचे आहे, आणि तेही लढाऊ विमान चालवावयास. बाप बिचारा गोंधळात पडला होता. तो म्हणाला, "नोकरी म्हणाल तर उत्तम, पण हे काम बाईमाणसाचे की काय, ते मला कळत नाही."

मंडळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांस सारे गाव तात्या म्हणते, ते म्हणाले, "जी कूस मूल वाहते, तिने कोणाचे मूल मारावयाचे नसते. एवढेच मला ठाऊक आहे." ह्यावर शाळेचे तरुण मास्तर उठून बसले. त्यांचे म्हणणे असे पडले की, पुरुषाने देशासाठी लढावे ते पुण्य, आणि तेच बाईने करावे तर पाप, हा न्याय कोठला? दोघांचेही बोलणे आम्हांस अर्धेअर्धे पटले. इतक्यात ती मुलगी, जी दाराआड उभी राहून ऐकत होती, ती हळूच म्हणाली, "पण तात्या, विमानातून खाली कोण आहे ते दिसते का हो?"

तिला त्या ओट्यावर कोणीच उत्तर दिले नाही. तिचा प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. ह्या विषयाचा निवाडा केवळ तर्काने करण्यापेक्षा, ज्या स्त्रियांनी हे काम खरोखर केले त्यांचे वृत्त पाहावे, असे आम्हांस वाटले. म्हणून तेच आधी सांगतो.

सन १९४१ च्या जून महिन्यात जर्मनीने रशियावर स्वारी केली. त्या देशात मारीना रास्कोवा नावाची एक वैमानिक स्त्री होती. तिने १९३८ च्या सप्टेंबरात, वालेन्तीना ग्रिझोदूबोवा व पोलीना ओसिपेन्को ह्या दोघींसह, मॉस्कोपासून अतिपूर्वेच्या प्रदेशापर्यंत एकाच दमात उड्डाण केले होते; आणि शेवटी विमानास उतरावयाला जागा नाही असे पाहून वाट दाखवणाऱ्या ह्या रास्कोवेने हवाई छत्रीने उडी घेतली, व दहा दिवस ती एकटी अरण्यात भटकत राहिली. त्यामुळे तिचे नाव साऱ्या देशात झाले होते. युद्ध पेटताच शेकडो मुलींची पत्रे तिच्याकडे येऊ लागली की, आम्हांसही विमाने चालवता येतात, आम्हांस रणांगणी न्या. (ह्या मुली फ्लाइंग क्लबांत शिकलेल्या होत्या, त्या देशात तशी सोय फार होती.) रास्कोवेने सरकारदरबारी खटपट केली, आणि १९४१ च्या ऑक्टोबर महिन्यात स्त्रियांच्या तीन हवाई पलटणी उभारण्याचा हुकूम निघाला. एक पाठलागी विमानांची, एक दिवसा बाँब टाकणारी, व एक रात्री बाँब टाकणारी. वोल्गा नदीच्या काठी एंगेल्स नावाच्या गावी त्यांस शिक्षण दिले गेले. रास्कोवा स्वतः १९४३ च्या ४ जानेवारीस, हिमवादळात विमान कोसळून मरण पावली.

ह्या तिहींपैकी रात्रीच्या पलटणीची, म्हणजे ५८८ व्या पलटणीची हकीकत आमच्या विषयास फार लागू आहे. कारण हिच्यात शेवटपर्यंत वैमानिक, वाटाड्या, मिस्त्री, बाँब भरणाऱ्या, सारे काही स्त्रियाच होत्या. बहुतेकींचे वय सतरापासून सव्वीसपर्यंत. येवदोकिया बेर्शान्स्काया ही त्यांची नायक. त्यांस जी विमाने मिळाली ती पाहून कोणासही हसू यावे. पो-२ नावाचे हे विमान १९२८ साली पहिल्याने उडाले, व नवशिक्यांस शिकवण्यासाठी आणि शेतांवर औषध फवारण्यासाठी वापरीत. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, वर छप्पर नाही. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांवर जात नसे. जर्मनांच्या लढाऊ विमानास इतके हळू उडताच येत नसे, आणि हाच काय तो त्या मुलींचा बचाव. गोळी लागली तर कापड काडेपेटीसारखे पेटे. हवाई छत्री १९४४ पर्यंत त्या नेतच नसत. तिच्या वजनाइतका जास्त बाँब नेता येतो, असा त्यांचा हिशेब.

काम कसे चाले तेही सांगतो. अंधार पडला की एकेक विमान काही मिनिटांच्या अंतराने निघे. शत्रूच्या ठाण्याजवळ आल्यावर इंजिन अगदी मंद करीत आणि घारीसारखे तरंगत खाली येत. खालच्या शिपायांस वाऱ्याची केवळ सूं ऐकू येई, मग बाँब. परत येऊन उतरावे, तेल भरावे, अंधारात चाचपडत हातांनी बाँब लटकवावेत, आणि पुन्हा जावे. एका रात्रीत आठ, दहा, कधी त्याहूनही अधिक खेपा. नादेझ्दा पोपोवा नावाच्या वैमानिकेने एका रात्रीत अठरा खेपा केल्या होत्या. बाँब भरणाऱ्या मुली कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी काम करीत, कारण हातमोजे घालून बारीक खिट्या बसवता येत नसत. एकेका रात्री कित्येक टन वजन त्यांच्या हातांवरून जाई. शोधदीप अंगावर पडल्यास दोन विमानांनी जोडीने जावे, एकाने प्रकाश आपल्यामागे ओढून न्यावा आणि दुसऱ्याने अंधारातून येऊन बाँब टाकावा, ही युक्तीही त्यांनी बसवली होती. ज्या जोडीदारणीने प्रकाश ओढून घ्यावयाचा, तिची स्थिती काय होत असेल, ते वाचकांनी मनात आणावे.

जर्मन शिपायांस रात्ररात्र झोप मिळेना. त्यांनी ह्या मुलींस 'रात्रीच्या चेटकिणी' असे नाव दिले. आमच्या वाचकांस ह्या शब्दाची ओळख आहे. ज्या बाईची भीती वाटते आणि जिचे उत्तर सापडत नाही, तिला चेटकीण म्हणावयाचे, ही रीत केवळ आमच्याच गावांची नव्हे असे दिसते. त्या मुलींनी ते नाव अंगावर मिरवले. आमच्याकडे मात्र त्या शब्दाने कित्येक निरपराध बायांचा जीव गेला आहे.

१९४३ साली ह्या पलटणीस ४६ वी गार्ड पलटण असा मान मिळाला. कॉकेशस, कूबान, क्रिमिया, बेलारूस, पोलंड असे करीत १९४५ च्या वसंतात ती जर्मनीत पोहोचली. एकूण तेवीस हजारांवर खेपा तिच्या नावे मांडलेल्या आहेत. तिच्यातील तेविसांस सोव्हिएट संघाचा सर्वांत श्रेष्ठ वीरमान मिळाला, त्यांपैकी कित्येकींस मरणोत्तर. १९४३ च्या ३१ जुलैच्या रात्री जर्मनांनी तोफा मुद्दाम गप्प ठेवल्या, केवळ शोधदीप लावले, आणि अंधारात दबा धरून राहिलेल्या लढाऊ विमानाकडून चार विमाने एकापाठोपाठ एक जाळवली. आठ मुली त्या रात्री गेल्या. पाठीमागून येणाऱ्यांनी आपल्या मैत्रिणींस पेटलेले पाहिले, आणि पाहूनही त्या पुढे निघाल्या.

त्यांच्यात येवगेनिया रूदनेवा नावाची मॉस्को विद्यापीठाची एक विद्यार्थिनी होती. नक्षत्रे हा तिच्या अभ्यासाचा विषय. ती वाटाड्या झाली, आणि १९४४ च्या एप्रिलात केर्चजवळ आपल्या सहाशे पंचेचाळिसाव्या खेपेस विमानाबरोबर जळून मेली. पुढे एका लघुग्रहास तिचे नाव देण्यात आले. तारे पाहण्यासाठी वर मान करणारी मुलगी, बाँब टाकण्यासाठी खाली वाकून पाहावयास शिकली. युद्ध मनुष्याचे काय करते, ह्याविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्यांतील थोडीच ह्या एका हकीकतीइतकी मनात राहिली.

आता तात्यांच्या बोलण्याकडे वळू. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. जन्म देणे आणि जीव घेणे ही दोन कामे एका हाती शोभत नाहीत, असे जगातील बहुतेक लोकांस सर्वकाळ वाटत आले आहे. परंतु तात्यांचे म्हणणे नीट उलगडून पाहिले असता, त्यात एक गोष्ट गुपचूप मान्य केलेली सापडते: पुरुषाने कोणाचे मूल मारले तर ते तितकेसे अस्वाभाविक नाही. ही गोष्ट आम्हांस मान्य नाही. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्ग शहर जळाले, १९४५ च्या मार्चातील एका रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसे भाजून मेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टात हिरोशिमावर एकच बाँब पडला. ही विमाने पुरुषांनी चालवली होती. खाली आया होत्या, तान्ही होती, म्हातारी माणसे होती. बाप होणे ही आई होण्याहून हलकी गोष्ट आहे, म्हणून त्या वैमानिकांचा भार हलका झाला, असे कोणी म्हणेल काय? स्त्रीच्या अंगी आम्ही जी पवित्रता लावतो, ती पुष्कळदा पुरुषास मोकळीक देण्यासाठी लावलेली असते. घरातही असेच चालते. बाईने शिवी दिली तर घर बुडाले, बाप्याने दिली तर त्याचा स्वभावच तसा!

दुसरे असे की, रशियातील त्या मुलींपुढे 'युद्धात जावे की शांत राहावे' असे दोन रस्ते नव्हतेच. लेनिनग्राड शहर १९४१ च्या सप्टेंबरापासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत वेढ्यात होते, आणि तेथे लक्षावधी लोक उपासमारीने मेले. गावेच्या गावे, माणसांसकट, जाळली गेली. त्या युद्धात त्या देशाची सुमारे दोन कोटी सत्तर लक्ष माणसे मेली, असे आता मानतात. अशा ठिकाणी घरी बसणे म्हणजे शांतता नव्हे. घरातच मरण यावयाचे होते. ज्या बाईचे घर जळत आहे तिला, 'तू जननी आहेस, तू हात उगारू नकोस,' असे दूरच्या ओट्यावरून सांगणे सोपे आहे.

आणखी एक विचार आहे, जो तात्यांच्या बाजूने बोलणारे बहुधा विसरतात. त्याच युद्धात इंग्लंडातील व अमेरिकेतील स्त्रियाही बाँबफेकी विमाने चालवीत होत्या. परंतु केवळ कारखान्यापासून विमानतळापर्यंत. तेथे त्या उतरत, किल्ली पुरुषाच्या हाती देत, आणि तो पुढे जाई. अमेरिकेतील अशा हजारांवर स्त्रियांपैकी अडतीस जणी अपघातांत मेल्या. त्यांस सैनिक मानलेले नव्हते म्हणून त्यांची प्रेते घरी पाठवण्याचा खर्चदेखील सरकारने दिला नाही, मैत्रिणींनी वर्गणी काढून त्या धाडल्या. १९७७ साली कोठे त्यांस माजी सैनिकांचा हक्क मिळाला. आता आम्ही विचारतो की, ज्या हातांनी बाँब टाकणारे विमान आणून उभे केले, ज्या हातांनी कारखान्यात बाँब भरला, ते हात स्वच्छ आणि ज्याने कळ दाबली तोच तेवढा रक्ताने माखला, असे म्हणता येईल काय? तात्यांनी रेघ मारली आहे ती फार शेवटच्या पावलावर मारली आहे.

एवढे बोलून आम्ही मास्तरांच्या बाजूस गेलो असे कोणास वाटेल. परंतु मास्तरांसही आमचे काही विचारणे आहे.

त्यांचा मुद्दा असा की, जे पुरुषास मोकळे ते स्त्रीसही मोकळे असावे. ठीक. परंतु एखादे काम सर्वांस मोकळे झाले, एवढ्याने ते चांगले होत नाही. गावच्या दारूच्या गुत्त्यात आजवर पुरुषच बसत. उद्या बायका बसू लागल्या तर त्यास कोणी समता म्हणो, गुत्ता काही देऊळ होणार नाही. ह्यासाठी आम्ही मास्तरांपुढे दुसऱ्या एका वैमानिक स्त्रीची हकीकत ठेवतो. तिचे नाव साबिहा ग्योकचेन.

ही तुर्कस्थानातील मुलगी, १९१३ साली जन्मलेली, आईबापांस पारखी झालेली. १९२५ साली त्या देशाचे अध्यक्ष मुस्तफा केमाल ह्यांनी तिला आपली मुलगी म्हणून घेतली. तिला उडण्याचे वेड लागले. विशेष हे की, इंजिनाविना तरंगणारे विमान चालवण्याचे पुढील शिक्षण घेण्यास तिला ज्या ठिकाणी धाडले, तो क्रिमिया. जेथे थोड्याच वर्षांनी त्या रात्रीच्या मुली उडावयाच्या होत्या. मागाहून ती लष्करी विमानशाळेत शिकली. १९३७ साली तुर्कस्थानच्या पूर्व भागातील देर्सिम नावाच्या डोंगराळ मुलुखातील लोकांनी सरकारास विरोध केला, तेव्हा त्यांवर जी सैन्याची मोहीम निघाली तीत साबिहा विमान घेऊन गेली आणि तिने बाँब टाकले. त्याबद्दल तिला त्या देशाच्या विमानसंस्थेने रत्नजडित पदक दिले. जगातील पहिली लढाऊ वैमानिक स्त्री म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते, आणि इस्तंबूलच्या एका विमानतळास ते दिलेले आहे. तो विमानतळ २००१ साली सुरू झाला. त्याच वर्षी ती वारली.

देर्सिमचे लोक परके नव्हते; ते त्याच देशाची प्रजा होते. बोली निराळी, धर्माचा पंथ निराळा, स्वभाव हट्टी. त्यांच्या मुलुखाचे नावसुद्धा सरकारने बदलले होते. १९३७ व १९३८ ह्या दोन वर्षांत तेथे हजारो माणसे मारली गेली, त्यांत बायका व लेकरे होती. २०११ सालच्या नोव्हेंबरात तुर्कस्थानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन ह्यांनी ह्या कृत्याबद्दल राज्याच्या वतीने क्षमा मागितली, व सरकारी कागदपत्रांतील १३,८०६ हा मेलेल्यांचा आकडा वाचून दाखवला. तेथील वारसांच्या मते खरा आकडा ह्याहून पुष्कळ मोठा आहे.

मास्तर, आता काय म्हणावे? धैर्य पाहाल तर साबिहेचे उणे नाही. कौशल्य उणे नाही. एका अनाथ मुलीने पुरुषांच्या मक्तेदारीचे दार फोडले, हेही खरेच. तुर्कस्थानातील किती तरी मुलींनी तिचे चित्र पाहून शाळेची वाट धरली असेल, आणि ते पुण्य आम्ही तिच्या खाती जमा करतो. परंतु ते दार उघडून ती जेथे गेली, तेथे एका डोंगरातील गरीब गावे होती. देर्सिमच्या ज्या आईचे मूल मेले, तिला वरचा वैमानिक स्त्री होता हे ऐकून काय समाधान? समतेचा झेंडा तिच्या घरावर कोणत्या रंगाचा दिसला असेल?

ह्या दोन हकीकती आम्ही मुद्दाम शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत स्त्री, दोन्हींत विमान, दोन्हींत बाँब, दोन्हींत शौर्य आणि पदक. आणि तरी त्या सारख्या नाहीत, असे आमचेच नव्हे तर बहुधा तात्यांचेही मन सांगेल. तर मग फरक कशात? स्त्रीपणात असणे शक्य नाही, कारण ते दोहींकडे सारखेच आहे. फरक आहे तो, बाँब कोणावर पडला, का पडला, आणि टाकणारीने स्वतः काय पणास लावले ह्यात. घरावर चालून आलेल्या सशस्त्र सैन्याच्या छावण्या, दारूगोळ्याच्या कोठ्या, पूल, ह्यांवर रात्री मरण पत्करून जाणे एक. आणि ज्यांच्यापाशी एकही विमान नाही अशा आपल्याच देशातील लोकांवर आकाशातून आग टाकणे दुसरे.

परंतु आम्ही हा हिशेब इतका सरळ मांडला म्हणून तो तितका सरळ आहे असे नव्हे. रशियाच्या त्या मुलींनीदेखील, शत्रूचे शिपाई ज्या गावांत मुक्काम करून राहिले होते, त्या गावांवर बाँब टाकले. गाव आपल्याच लोकांचे. घरात जर्मन अंमलदार, तर गोठ्यात किंवा तळघरात घरमालकीण आणि तिची पोरे. वरून, अंधारात, काय दिसणार! आणि जे जर्मन शिपाई मेले, त्यांतही हुकमाने आणलेली अठरा वर्षांची पोरे होती. पलटणीतील स्त्रियांनी पुढे म्हातारपणी आपल्या आठवणी सांगितल्या. स्वेतलाना अलेक्सियेविच ह्या लेखिकेने अशा शेकडो सैनिक स्त्रियांस भेटून त्यांचे बोलणे एका पुस्तकात गोळा केले. ते १९८५ साली निघाले. त्यावरून दिसते की, ह्या स्त्रिया आपले कर्तव्य नाकारीत नाहीत, त्याचा पश्चात्तापही करीत नाहीत. परंतु त्यांस जे आठवते ते विजयापेक्षा निराळेच असते. रक्ताचा वास, पुरुषी मापाचे बूट, मेलेल्या मैत्रिणीची वेणी. ज्या पुरुषांनी तेच युद्ध लिहिले, त्यांच्या पुस्तकांत सेनापतींची नावे व नकाशे अधिक. स्त्रिया युद्धात गेल्याने युद्ध पवित्र झाले नाही. पण युद्ध म्हणजे काय ते सांगणारी एक जास्तीची जीभ जगास मिळाली, असे आम्हांस वाटते.

ह्या पलटणीत एक लहानशी गोष्ट घडली, ती येथे सांगावीशी वाटते. त्यांस सारे कपडे पुरुषांचे मिळत, आतलेसुद्धा. दोघी मुलींनी प्रकाश पाडणाऱ्या बाँबची लहान रेशमी छत्री उसवून तिचे आतले कपडे शिवले. सैनिकी न्यायसभेपुढे त्या उभ्या राहिल्या आणि सरकारी मालाची नासाडी केली म्हणून त्यांस दहा वर्षांची सजा झाली! पुढे त्यांस पलटणीतच काम करून दोष धुऊन काढू दिले, हे खरे. शंभर किलोचा बाँब शत्रूवर टाकला तर पदक, आणि वीतभर रेशीम अंगास लावले तर तुरुंग. सैन्याच्या कायद्यात मनुष्याच्या कोणत्या गरजा मोजतात आणि कोणत्या मोजीत नाहीत, हे ज्या मुलीस तेथे जावयाचे असेल तिने आधी जाणून असावे.

ह्या विषयावर आमच्या लोकांत बोलणे निघाले की कोणी तरी दबोरेचे नाव घेतोच, आणि त्या ओट्यावरही ते निघाले होते. शास्ते ह्या पुस्तकातील वृत्त वाचकांस पाठ आहे. बाराक तिच्यावाचून लढाईस जावयास तयार नव्हता, ती गेली. पुढे याएलीने तंबूच्या मेखेने सीसराचा अंत केला. एवढे सांगून बहुतेक उपदेशक थांबतात, आणि 'पाहा, स्त्रीनेही युद्ध केले' असा दाखला देतात. परंतु दबोरेच्या गीताचा शेवट थोडेच लोक लक्षपूर्वक वाचतात. तेथे एक खिडकी आहे. खिडकीपाशी सीसराची आई उभी आहे, आणि मुलाच्या रथास इतका उशीर का, म्हणून वाट पाहत आहे. तिचा मुलगा जुलमी होता, आणि तिच्या भोवतालच्या बाया लुटीच्या गोष्टी बोलत आहेत. तिची कीव करावी असे गीतकर्त्रीच्या मनात असेल असे दिसत नाही. तरीही ती खिडकी गीतात राहिली. जय मिळवणाऱ्या स्त्रीला, हरलेल्याच्या आईची खिडकी दिसली, एवढे तरी म्हणता येते.

ही खिडकी विमानातून दिसते काय, हाच त्या मुलीचा प्रश्न होता. पो-२ विमान इतके खाली येई की क्वचित माणसांच्या आकृतीही दिसत असतील. नंतरच्या विमानांतून डोंगरसुद्धा चुरगळलेल्या कापडासारखा दिसतो. आणि आता तर अशी विमाने निघाली आहेत की, ती चालवणारा शेकडो कोसांवर खोलीत खुर्चीवर बसलेला असतो आणि काम संपल्यावर घरी जेवावयास जातो. जसजसा टाकणारा दूर गेला तसतसे त्याचे मरण टळले आणि खालच्याचे मात्र टळले नाही. ह्या बाबतीत स्त्री आणि पुरुष ह्यांच्या डोळ्यांत काही भेद आहे असे आम्हांस आढळले नाही. वीस हजार फुटांवरून दोघेही सारखेच आंधळे.

आमच्या देशात १८ जून २०१६ रोजी तीन तरुणी वायुसेनेच्या लढाऊ शाखेत वैमानिक म्हणून प्रथम दाखल झाल्या. तेव्हापासून ते दार उघडे आहे. तेव्हा त्या गावच्या मुलीची इच्छा हे दिवास्वप्न नाही. गणित व विज्ञान पक्के असेल, दृष्टी निर्दोष असेल, तर ती जाऊही शकेल.

परत जाताना आम्ही त्याच गावी पुन्हा उतरलो, आणि ह्या दोन्ही हकीकती ओट्यावर सांगितल्या. तात्यांनी आठ मुलींच्या रात्रीची गोष्ट ऐकून बराच वेळ मान खाली घातली होती. मग विचारले, "त्यांतल्या उरलेल्या पुढे काय करीत असत?" आम्ही सांगितले की, १९४५ च्या ऑक्टोबरात पलटण मोडली. पुष्कळींनी लग्ने केली, मुले वाढवली. कोणी शिक्षिका झाल्या. पलटणीच्या चीफ ऑफ स्टाफ इरीना राकोबोल्स्काया ह्या मॉस्को विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या व २०१६ साली वारल्या. आणि दर वर्षी २ मे ह्या दिवशी मॉस्कोतील मोठ्या नाटकगृहासमोरच्या बागेत त्या सर्वजणी भेटत. आधी कडेवर पोरे घेऊन येत, मग नातवंडे. मग हळूहळू बाकावरील संख्या कमी होत गेली.

"म्हणजे त्यांनी पोरे वाढवलीच," तात्या म्हणाले. आपले पहिले म्हणणे त्यांनी परत घेतले नाही, आणि आम्हीही तसे मागितले नाही.

मास्तरांनी देर्सिमचे नाव आपल्या वहीत लिहून घेतले. मुलगी ह्या वेळी दाराआड न राहता ओट्याच्या कडेस बसली होती. आम्ही तिला म्हटले, "बाई, तू विचारलेस त्याचे उत्तर असे की, खाली कोण आहे ते वैमानिकास बहुतेक वेळा दिसत नाही, त्याला ते वरिष्ठ सांगतात."

तिने विचारले, "आणि त्यांनी खोटे सांगितले, तर विमान परत आणता येते का?"

आम्ही म्हणालो की, येते. परंतु त्याची सजा फार मोठी असते. तिच्या बापाने तिच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून कोणी हाक मारली, तशी ती उठून कंदील घेऊन गोठ्याकडे गेली, कारण म्हैस त्याच रात्री व्यावयाची होती.